वाढत्या वयाच्या मुलांसाठी गाण्याचा गट: मनासाठी म्हणून नक्की काय करून घ्यायचं?

मध्यलय

१३ ते १८ वयाच्या मुलामुलींचा गाण्याचा गट सुरू करायचा आहे. आठवड्यातून एकदा, तासभर, असे दहा आठवडे. गटात १२ ते १६ जण. गाणं शिकवणं हा हेतू नाही. मुलांचं मन थोडं मोकळं व्हावं, एकटेपणा कमी व्हावा, ताण उतरवायचं एखादं साधन हाताशी यावं, एवढंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की १० ते १९ वयातल्या दर सातांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. म्हणजे १४ जणांच्या गटात दोघं तरी तसे असणार, हे धरूनच आखणी करायला हवी.

सध्याचा आराखडा: १० मिनिटं दीर्घ श्वसन, १० मिनिटं ओंकार, अर्धा तास गाणी, शेवटी १० मिनिटं गप्पा. दहाव्या आठवड्यात पालकांसमोर कार्यक्रम.

माझं मत असं की गाण्याचा खरा फायदा श्वासातून मिळतो. गाताना उच्छ्वास आपोआप लांबतो, बाकी सगळं वरकड. जाणकारांनी आराखड्याची चिरफाड करावी. विशेषतः श्वसन कोणतं घ्यावं, आवाज फुटलेल्या मुलांचं काय करावं आणि शेवटचा कार्यक्रम ठेवावा की नाही, यावर लिहा.

निषाद_कोमल

सुरुवातीची १० मिनिटं आधी उडवा.

"खोल श्वास घ्या" म्हटलं की मुलं छाती फुगवतात, खांदे उचलतात आणि भसाभसा हवा आत घेतात. असे आठ-दहा श्वास लागोपाठ झाले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. ज्याला पॅनिकचे झटके येतात त्याला ही लक्षणं चांगली ओळखीची असतात. त्याला वाटतं, आला झटका. शांत करायला गेलात आणि घाबरवून आलात.

त्यापेक्षा सुरुवात सोडण्यापासून करा. दातांमधून "स्स", आधी ४ आकडे, मग ६, जमल्यास ८. हवा थोडी शिल्लक असतानाच थांबायचं, पार तळ गाठायचा नाही. मग पोट नुसतं सैल सोडायचं, श्वास आपला आपण आत येतो. तो "घ्यायचा" नाही. खूण एकच: श्वास आत येताना आवाज होता कामा नये. सूं असा आवाज आला तर गळा आवळलेला आहे. चार-पाच वेळा केलं की पुरे, दीड-दोन मिनिटांचं काम. श्वास रोखून धरायला लावू नका आणि "कोण सर्वांत जास्त वेळ स्स करतो बघू" अशी स्पर्धा तर अजिबात नको. मुलं जांभळी होईपर्यंत करतात.

वाचनमात्र

मुलंच कशाला, इथले निम्मे सभासद आत्ता स्क्रीनसमोर स्स करत बसलेत.

मागचा_बाक

३१ आकडे. पुढे?

कंठमणी

पुढे डॉक्टर. :)

आवाज फुटण्याबद्दल लिहितो, कारण गट मोडतो तो बहुधा तिथेच. मुलग्यांचा आवाज साधारण १२ ते १५ च्या दरम्यान बदलतो आणि शेवटी जवळजवळ एक सप्तक खाली जातो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, पण स्नायूंना या नव्या मापाची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून आवाज मध्येच फाटतो, काही सूर गायबच होतात. काल आलेला सूर आज येत नाही. हे सगळं स्वाभाविक आहे. मुलाला हे आधीच सांगा, आवाज फाटल्यानंतर सांगाल तर ते सांत्वन वाटतं. मुलींचाही आवाज बदलतो, साधारण तीनेक अर्धस्वरांनी उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळलेली ऐकू येते. त्याकडे कोणी लक्षच देत नाही. मग "तिचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही" असं कोणीतरी बोलून जातं आणि मुलगी गाणं सोडते.

या वयाला सगळ्यांत सुरक्षित व्यायाम स्ट्रॉचा. साधी पाच-सहा मिलिमीटरची स्ट्रॉ, ग्लासात पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्यात २ ते ३ सेंटिमीटर बुडवायचं आणि "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे. आधी एकाच सुरावर, मग खालून वर आणि वरून खाली सलग घसरत. ओठांपाशी तयार झालेला हवेचा दाब मागे स्वरतंतूंपर्यंत पोचतो, त्यामुळे ते एकमेकांवर आपटत नाहीत, अलगद भेटतात. आवाज जिथे तुटतो तो सांधाही या घसरणीत बऱ्याचदा सहज पार होतो.

चुका कुठे होतात? टोक फार खोल बुडवलं तर जोर लावावा लागतो आणि गळा ताठतो. बुडबुडे तुटक आले तर हवा एकसारखी सुटत नाहीये. आणि हवा नाकातून निसटत असेल तर सगळंच फुकट. तपासायला चालू आवाजात क्षणभर नाक चिमटीत धरायचं. आवाज बदलला तर हवा नाकातून जातेय. एका वेळी मिनिट-दोन मिनिटं, बस्स.

दुसरा फायदा मनाशी जोडलेला आहे. बुडबुड्यांत कोणाचा सूर चांगला नि कोणाचा वाईट हे कळतच नाही. सगळे सारखेच विनोदी दिसतात. पहिल्या आठवड्यात याहून चांगली सुरुवात नाही.

१६-१७ व्या वर्षीही मुलाचा बोलण्याचा आवाज वरच अडकलेला असेल तर त्याला गटात "उतरवायचा" प्रयत्न करू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि वाचातज्ज्ञ यांच्याकडे पाठवा. बहुतेक वेळा थोड्या आठवड्यांच्या व्यायामाने सुटतो. अशा मुलांची चेष्टा किती होते हे वेगळं सांगायला नको.

सावली_२

कंठमणी, उत्तम प्रतिसाद. बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत).

पांढरी_पाच

मग सगळ्यांनी मिळून गायचं कुठल्या पट्टीत? मुली, न फुटलेले, अर्धवट फुटलेले आणि पूर्ण उतरलेले आवाज एकाच खोलीत असणार.

निषाद_कोमल

पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी १ (पहिली पांढरी पट्टी) सा धरा आणि चाल सा ते प एवढ्यातच फिरणारी निवडा. मुलींना हे थोडं खालचं पण आरामाचं, उतरलेल्या आवाजाची मुलं तेच एक सप्तक खाली गातील आणि मधल्या टप्प्यातली मुलं मुलींबरोबर गातील. या मधल्यांना वरचे ध-नी ओढून काढावे लागतात, म्हणून पंचमापाशी थांबायचं. सवयीने त्याहून उंच काळी ४ लावलीत की अर्धे मुलगे गप्प होतात आणि आपण म्हणतो, त्यांना आवड नाही.

ज्याला तेही जमत नसेल त्याला नुसता सा धरून ठेवायला द्या. हे दुय्यम काम नाही. सगळ्यांच्या खाली तोच एक सूर चालू असतो, त्यामुळे तो थांबला की सगळ्यांना कळतं.

तर्कट

थोडं विरजण घालतो. गाण्याचा फायदा की सोबतीचा? दहा आठवडे तीच मुलं, तोच प्रेमळ मोठा माणूस, तीच वेळ. या जागी फुटबॉल ठेवला तरी मुलं खुलतील. मग स्वर, श्वास, स्ट्रॉ ही सगळी सजावटच का म्हणू नये?

तिहाई

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं अर्धंमुर्धं उत्तर आहे. २०१५ मध्ये पीअर्स, लाउने आणि डनबार यांचा अभ्यास आला. प्रौढांचे वर्ग, सात महिने, काही गाण्याचे तर काही हस्तकला आणि लेखनाचे. शेवटी जवळीक सगळ्याच वर्गांत सारखी झाली, पण गाणाऱ्यांत ती सुरुवातीलाच पटकन आली. म्हणजे तर्कट यांचं निम्मं खरं: शेवटी सोबतच कामाला येते. पण अनोळखी माणसांतला अवघडलेपणा गाणं लवकर मोडतं. दहाच आठवडे हाताशी असतील तर "लवकर" याला मोल आहे. अभ्यास प्रौढांवरचा होता, हे लक्षात ठेवूनच लागू करायचा.

आता मध्यलय यांच्या श्वासाबद्दल. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये व्हिकहॉफ आणि सहकाऱ्यांनी १८ वर्षांच्या १५ जणांना हुंकार, एक स्तोत्र आणि एक संथ मंत्र गायला लावून हृदयाचे ठोके मोजले. गाण्याची रचना जशी, तसा श्वास, आणि श्वास जसा तशी ठोक्यांची चढउतार. एकत्र गाणाऱ्यांचे ठोके बरोबरीने वरखाली होत होते. त्याआधी २००१ मध्ये बर्नार्डी यांनी दाखवलं होतं की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र या दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. या गतीला हृदय आणि श्वास यांचा मेळ चांगला बसतो.

यातून हाती लागणारी गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. श्वासाचा वेगळा तास नको, ओळीची लांबी बरोबर निवडा. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत दहा मात्रांचा झपताल लावा. आवर्तन १० सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला बरोबर सहा. "धी ना, धी धी ना, ती ना" या सात मात्रांत ओळ गायची आणि शेवटच्या "धी धी ना" या तीन मात्रांत श्वास. कोणाला श्वासाची आठवण करून द्यावी लागत नाही, ठेकाच ते काम करतो. नवख्यांना सात सेकंद पुरत नाहीत, म्हणून पहिले दोन आठवडे लय ७५ पर्यंत चढी ठेवा आणि मग उतरवत आणा.

वाचनमात्र

झपतालात श्वास घेणारी पिढी. उद्या दादऱ्यात जांभई देतील.

चौकट_राजा

तिहाई यांना अनुमोदन. शिवाय हुंकाराने नाकातला नायट्रिक ऑक्साइड पंधरापट वाढतो, हे शास्त्राने सिद्ध झालंय. म्हणून ओंकाराने मन शांत होतं.

तर्कट

पहिलं वाक्य ठीक. २००२ चा अभ्यास आहे, गुपचूप सोडलेल्या श्वासाच्या तुलनेत गुणगुणताना नाकातून येणारा नायट्रिक ऑक्साइड पंधरापट होता. पण त्यातून निघालं काय, तर गुणगुणताना सायनसच्या पोकळ्यांतली हवा चांगली खेळते. मनाचा त्यात संबंध नव्हता. दुसरं वाक्य तुमचं तुम्ही चिकटवलंत. मुलांना असलं शास्त्र सांगू नका, त्यातलं एखादं पोर शोधून काढतं आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

चौकट_राजा

बरं. पण हुंकार तर ठेवायचा ना?

तर्कट

ठेवा की. बरं वाटतं हे कारण पुरेसं आहे.

सावली_२

ओंकाराबद्दल एक. काही मुलांना तो धार्मिक वाटून अवघडायला होतं, काहींना घरच्या सक्तीची आठवण येते. मिटल्या ओठांचा "म्म" घ्या, परिणाम तोच. एक हात छातीवर, एक गालावर. सूर खाली नेला की कंप छातीत जास्त जाणवतो, वर नेला की चेहऱ्याकडे. लक्ष कंपावर राहिलं की डोक्यातली चक्रं जरा थांबतात. दात मात्र एकमेकांवर टेकलेले नसावेत, ओठ फक्त मिटलेले. दात आवळले की जबडा ताठतो आणि पाच मिनिटांत कानशिलं दुखायला लागतात.

मागचा_बाक

आणि जो गातच नाही त्याचं काय? प्रत्येक गटात असा एक असतो. हात बांधून बसतो, मोबाईल बघतो आणि तरीही दर आठवड्याला येतो.

निषाद_कोमल

दर आठवड्याला येतो यातच त्याचं उत्तर आहे. त्याला येऊ द्या.

पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं: कुठल्याही गोष्टीला "पास" म्हणता येतं, कारण विचारलं जाणार नाही. आणि नंतर खरंच विचारायचं नाही. नाव घेऊन "आता तू गा" हे दहा आठवड्यांत एकदाही नको. पूर्ण गोल केलात तर प्रत्येकाला समोरचे सगळे बघतात. घोड्याच्या नालेसारखं अर्धवर्तुळ, तेही दोन रांगांत, म्हणजे लाजऱ्याला मागे जागा मिळते. चित्रीकरण पूर्ण बंद, गट चालवणाऱ्यांचंही. कुठेतरी आपला फाटका आवाज फिरेल ही भीती या वयात बाकी सगळ्या भीतींच्या वरची आहे.

न गाणाऱ्याला हाताचं काम द्या: ठेका, लय मोजणं, कोण कधी सुरू होणार ते बोटाने दाखवणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओठ हलताना दिसले तर बघितलं नाही असं दाखवा. "अरे वा, गायलास की!" म्हटलंत की संपलं.

पांढरी_पाच

आणि जो मनापासून गातो पण पूर्ण बेसूर?

कंठमणी

खरी स्वरबधिरता (सुरांतला फरकच न कळणं) फार थोड्यांना असते, अभ्यासानुसार आकडा दीड ते चार टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. बाकीच्यांचा घोळ साधारणपणे दोन ठिकाणी असतो. एक, दिलेला सूर त्याच्या आवाक्यातच नसतो. बाई गाऊन दाखवतात आणि नुकताच आवाज उतरलेला मुलगा तो सूर नेमक्या त्याच उंचीवर शोधत बसतो. दोन, त्याला ऐकू येतं पण घशाला नेमकं किती हलायचं ते कळत नाही.

उपाय: आधी तुम्ही त्याच्या सुराला जाऊन मिळा. तो जो काही सूर लावेल तोच पकडा, दोघांचा सूर जुळल्यावर काय वाटतं ते त्याला दहा सेकंद ऐकू द्या. मग तिथून अर्धा सूर वर सरका आणि त्याला मागे येऊ द्या. भोंग्यासारखी खालून वर घसरण घ्या आणि हव्या त्या सुरावर "थांब" म्हणा. हे दोघांतच, बाकीचे पाणी प्यायला गेलेले असताना. पेटीचा सूर देऊन "हा लाव" म्हणणं यात सर्वांत कमी उपयोगाचं, कारण पेटीचा आणि माणसाच्या आवाजाचा पोत वेगळा. नवख्याला माणसाचा आवाज पकडणं सोपं जातं.

वाचनमात्र

अवांतर: घसा बसला तर गरम पाणी की कोमट? हलके घ्या.

कंठमणी

अवांतरच, पण गैरसमज मोठा आहे. गिळलेलं पाणी स्वरतंतूंना लागतच नाही, ते अन्ननलिकेत जातं. लागलं तर ठसका येतो. दिवसभर थोडं थोडं पाणी पिऊन शरीरातून ओलावा पोचतो, नाहीतर वाफ. थंडगार गोळ्या चघळून घसा बधिर होतो, दुखणं कळत नाही आणि पोरं जोर लावत राहतात. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, जोर देऊन कुजबुजलं तर ताण उलट वाढतो. आणि आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर तपासणी हवीच, वय कितीही असो.

ओंजळ

मानसिक आरोग्याच्या बाजूने काही मुद्दे राहिलेत.

डोळे मिटायला लावू नका. "वाटलं तर मिटा, नाहीतर जमिनीवर एखादा ठिपका बघा" एवढं म्हणा. ज्या मुलाच्या वाट्याला हिंसा किंवा अत्याचार आलेत त्याला डोळे मिटून अनोळखी लोकांत बसणं असह्य होऊ शकतं. आडवं झोपून श्वसन करणंही तसंच. पोटाला-पाठीला हात लावून श्वास "दाखवणं" पूर्ण बंद. स्वतःच्या पोटावर स्वतःचा हात.

आवाजाने ज्यांना त्रास होतो त्यांना दाराजवळची जागा आणि इअरप्लग द्या, बाहेर जाऊन परत यायची मुभा द्या. १४ जण छोट्या खोलीत जोरात गायला लागले की काही मुलांना ते अंगावर येतं.

गळ्यात गोळा आल्यासारखं होतं, गाता येत नाही, असं कोणी म्हणालं तर तो बहाणा नसतो. ताणाने घशाचे स्नायू आवळतात आणि काहीतरी अडकल्याची भावना होते. सूर सोडून द्या, एखादी लांब उसासल्यासारखी "हाऽ" वरून खाली सोडू द्या, एक घोट पाणी, मग "म्म". तेवढ्याने नाही सुटलं तर त्या दिवशी ऐकणं पुरे. हे वारंवार होत असेल किंवा गिळताना दुखत असेल तर डॉक्टर.

आणि मुख्य. गाणी लिहायला सांगितलीत तर कधीतरी एखाद्या ओळीत मरणाचा विषय येईल. घाबरून गाणं बदलू नका आणि "छान उतरलंय" म्हणून पुढेही जाऊ नका. नंतर बाजूला घेऊन शांतपणे सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे नीट तपासलं गेलं आहे. उत्तर हो आलं किंवा टाळाटाळ झाली तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालक किंवा जबाबदार मोठं माणूस आणि तज्ज्ञ यांच्यापर्यंत पोचायचं. गुप्ततेचं आश्वासन देऊ नका. पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की जिवाला धोका असेल तर गोष्ट खोलीबाहेर जाईल. यासाठी गटात दोन मोठी माणसं हवीत. एकजण बाहेर गेला तर गट चालू राहिला पाहिजे.

मध्यलय

ओंजळ, आभार. दुसऱ्या माणसाचा विचारच केला नव्हता. एक उपप्रश्न: रडकी गाणी ठेवायची की नाही? मुलांना तीच आवडतात.

चौकट_राजा

उत्साहाची गाणी घ्या, विषय संपला.

तिहाई

संपत नाही. पडलेल्या मनाला एकदम टाळ्यांचं गाणं दिलं तर ते खोटं वाटतं. संगीतोपचारात जुनं तत्त्व आहे, १९४० च्या दशकात आल्टशुलर यांनी मांडलेलं: आधी मनाच्या आत्ताच्या चालीला मिळतं गाणं आणि मग तिथून हळूहळू सरकत जायचं. व्यवहारात, संथ आणि उदास एक, मध्यम लयीचं एक, मग जरा मोकळं तिसरं. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं.

धोका आहे तो उदास गाण्याच्या पारायणाचा. तेच गाणं पाच वेळा, मग त्यावर "माझंही असंच आहे" अशी चर्चा, मग पुन्हा तेच गाणं. मुलं एकमेकांना आणखी खोल ओढत नेतात. म्हणून उदास गाणं एकदाच, आणि त्याच्या लगेच मागे गप्पांची वेळ ठेवू नये.

ओंजळ

+१. गप्पांची १० मिनिटं शेवटी ठेवली तर मुलं मन उघडून ठेवतात आणि घड्याळ संपतं. ती मध्ये आणा. शेवट नेहमी गाण्याने, तेही सगळ्यांना पाठ असलेल्या सोप्या गाण्याने.

सावली_२

कार्यक्रमाबद्दल कोणीच बोलेना. माझं मत: नको. कार्यक्रम ठरला की सहाव्या आठवड्यापासून तालीम सुरू होते, तालीम सुरू झाली की चुका काढणं सुरू होतं आणि मग ज्याचा सूर हलतो त्याला "तू जरा हळू गा" असं सांगितलं जातं. ज्याच्यासाठी गट होता, तोच बाहेर.

पांढरी_पाच

असहमत. पुढे काही नसेल तर १६ वर्षांची पोरं पाचव्या आठवड्यात गळतात. आपण केलेलं कोणीतरी ऐकलं याचाही मनावर परिणाम होतोच. भीती सगळी काढून टाकायची म्हणजे भीतीशी गाठ पडायची संधीही काढून घ्यायची. तोंड कोरडं पडणं, हात थरथरणं, छाती धडधडणं हे ॲड्रेनलिनचं काम आहे आणि सुरुवातीच्या काही मिनिटांनंतर बऱ्याचदा ओसरायला लागतं. हे मुलांनी एकदा सुरक्षित जागी अनुभवलं तर परीक्षेतही उपयोगी पडतं.

सावली_२

सुरक्षित जागी, हे तुम्हीच म्हणालात. पालकांची रांग ही कुठल्या १५ वर्षांच्या मुलाला सुरक्षित वाटते?

निषाद_कोमल

मधला रस्ता: उघडी तालीम. प्रत्येक मुलाने एकच माणूस आणायचा, कोणाला ते त्याने ठरवायचं, कोणालाच नाही आणलं तरी चालेल. नेहमीचीच खोली, नेहमीचीच बसायची पद्धत, पाहुणे बाजूने बसतात आणि शेवटच्या गाण्यात त्यांनाही गायला लावायचं. एकट्याचं गाणं नाही, निवेदन नाही, मंच नाही. आणि ठेवायचं की नाही हे सातव्या आठवड्यात चिठ्ठ्यांनी ठरवा. हात वर करून मतं घेतलीत तर लाजरी मुलं बहुमताबरोबर हात वर करतात.

पांढरी_पाच

चालेल. मंच नाही हे मात्र पटलं नाही.

तर्कट

फरक पडला का हे कसं कळणार? "मुलांच्या चेहऱ्यावर हसू होतं" हे मोजमाप नव्हे.

ओंजळ

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. मागच्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण. बेरीज २५ पैकी, तिला ४ ने गुणलं की १०० पैकी. पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या आठवड्यात भरून घ्या, दोन मिनिटं लागतात. ५० च्या खाली आलं तर त्या मुलाशी वेगळं बोलायला हवं. निदान नव्हे, फक्त खूण. दहावा आठवडा परीक्षेच्या तोंडावर येत असेल तर आकडे खाली येणारच, तो दोष गाण्याच्या माथी मारू नका आणि सुट्टीत वर गेले तर श्रेयही घेऊ नका.

तर्कट

हे आवडलं. फुटबॉलवाल्यांनाही हीच प्रश्नावली भरायला द्या.

मध्यलय

सगळ्यांचं वाचून आराखडा बदलला. पहिली ५ मिनिटं येणं, बसणं, पाणी, काही न करता. मग ८ मिनिटं स्स, स्ट्रॉ आणि "म्म". मग १५ मिनिटं संथ गाणी झपतालात, सा ते प. १० मिनिटं गप्पा किंवा ओळी लिहिणं, पास चालेल. मग २० मिनिटं मध्यम ते मोकळी गाणी आणि शेवटी २ मिनिटं रोजचं ठरलेलं गाणं. श्वास हाच मुख्य फायदा हे मत थोडं मागे घेतो, पण पूर्ण नाही. कार्यक्रमाऐवजी उघडी तालीम, चिठ्ठ्यांवर. दोन मोठी माणसं. काही सुटलं?

तिहाई

उदास गाणं पंधरा मिनिटांत आलं आणि लगेच गप्पा. वर लिहिलंय ते पुन्हा वाचा. उदास गाणं गप्पांनंतरच्या २० मिनिटांत पहिलं घ्या, म्हणजे पुढे चढायला जागा राहते.

निषाद_कोमल

संथ १५ मिनिटांतही मध्ये एकदा उभं करा. बसून पोट दबतं, सातव्या मात्रेपर्यंत हवा पुरत नाही आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही.

मागचा_बाक

हात बांधून बसणाऱ्याला चिठ्ठ्या गोळा करायचं काम द्या.

कंठमणी

स्ट्रॉ आणि ग्लास प्रत्येकाचे वेगळे, नाव लिहून. एकाला सर्दी असली की पुढच्या आठवड्यात निम्मा गट घसा धरून बसतो. सर्दी असलेल्याने त्या दिवशी बुडबुडे वगळायचे, ठेका धरायचा.